पाचवी सवाष्ण

आमच्या गल्लीत गोदावरीबाई आल्याशिवाय हळदीकुंकू सुरू होत नसे, आणि वच्छलाकाकूंच्या वातीशिवाय देवापुढे दिवा लागत नसे. दोघींची दारं समोरासमोर. गोदावरीबाई म्हणजे शरच्चंद्र मास्तरांची बायको. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की त्यांनी दारातून हाक मारली तर गिरणीचा भोंगाही दबकून वाजावा. वच्छलाकाकू सोवळ्या होत्या. नवऱ्याचं तोंड नीट ओळखीचं व्हायच्या आतच त्यांच्या संसाराचं सगळं आटोपलं होतं. नेसायला लाल अलवण, एक खोली आणि गल्लीत भांडी घासणारी सारजाबाई आपल्या माहेरून, मंद्रूपहून, आणून देई तो कापूस, एवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षं काढली.

वाती मात्र काकूंच्याच. समईच्या लांब वाती, निरांजनाच्या फुलवाती, कुणाचा काही नेम असेल तर हव्या तेवढ्या वळून, मोजून, पानात बांधून देत. शुभकार्याची सुरुवात त्यांच्या हातांनी व्हायची आणि ते सुरू झालं की त्या दाराआड जायच्या. सकाळी पुरुषमाणसं कामावर जाईपर्यंत त्या घराबाहेर पडत नसत, कुणाला आडव्या जायला नको म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. न सांगताच कळावं अशी आपल्याकडे चोख व्यवस्था असते.

अठ्ठावीस सालच्या संक्रांतीला, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा, अण्णाराव आमच्या गल्लीत आला. तो गोदावरीबाईंच्या मावसबहिणीचा दीर, अक्कलकोटचा. आता मावसबहिणीचा दीर म्हणजे तसा कोण? पण परक्या माणसाला आपण दारात उभं करतो आणि नात्यातल्याला पाट देतो. अण्णारावाला पाट मिळाला, तिळगूळ मिळाला, जेवणही मिळालं. त्याचं मराठी कानडी हेलाचं, गोड. शब्दागणिक ‘वहिनी’. जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून चांदीचा एक करंडा काढला, कुंकवानं काठोकाठ भरलेला, आणि गोदावरीबाईंपुढे ठेवला.

त्याला तो ‘सौभाग्यमाळ’ म्हणत होता. बाईनं वर्गणी द्यायची, रोख नसेल तर सोनं. वर्गणी थोडीथोडकी नव्हती, मास्तरांच्या अर्ध्या पगाराएवढी होती. दिली की हा करंडा लगेच हातात. मग तिनं आणखी पाच सवाष्णी आणायच्या. त्या पाचजणींनी आपापल्या पाच आणल्या की पहिलीची माळ पुरी झाली, तिला सोन्याची ठुशी. म्हणजे पाचाच्या मागे पाच, त्यांच्या मागे पाच, अशी माळ पुढे पुढे जात राहणार आणि गळे सोन्यानं भरत राहणार.

हा पाचाचा आकडा ज्यानं शोधून काढला त्याला आमच्या बायका चांगल्याच ठाऊक होत्या. ओटी भरायची तर पाचजणी, लग्नघरी घाणा भरायचा तर पाचजणी, उद्यापन असेल तर जेवायला पाचजणी. प्रत्येकीच्या मनात तिच्या पाच सवाष्णींची यादी लहानपणापासून तयार असते. तिनं बोलावलं की त्या येतात, आणि त्यांनी बोलावलं की हिला जावंच लागतं. कुंकवाचं बोलावणं कुणी मोडत नाही. अण्णारावानं नवं काहीच केलं नाही. पाणी जायचा पाट तयारच होता, त्यातून त्यानं फक्त पाणी सोडलं.

मास्तरांनी त्या दिवशी पाटीवर गणित मांडून दाखवलं. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस असं करत सातव्या फेरीला आकडा असा झाला की सोलापुरात तान्ह्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत मोजल्या तरी तेवढ्या बायका नव्हत्या. गोदावरीबाईंनी पाटीकडे पाहिलं सुद्धा नाही. सोलापूर संपलं तर बार्शी आहे, करकंब आहे, केम आहे, त्या म्हणाल्या. जगात सवाष्णींचा कधी तोटा पडलाय का? असं अभद्र बोलू नये. सौभाग्याच्या गोष्टीत ‘पुरणार नाहीत’ हा शब्दच अशुभ ठरला, आणि मास्तरांनी पाटी पुसली.

चैत्रात गोदावरीबाईंची ठुशी आली. खरी, सोन्याची. त्या वर्षीच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ कशी झाली होती ते कुणाच्या लक्षात नाही, पण ठुशी सगळ्यांच्या लक्षात आहे. गोदावरीबाई पन्हं द्यायला वाकल्या की ती गळ्याशी चमके आणि बायका पन्हं हातात घेऊन तशाच बसून राहत. त्या दिवसापासून मास्तरांनीही गणिताचा विषय काढला नाही. ठुशी त्यांच्याच बायकोच्या गळ्यात होती, काय बोलतील?

मग माळ धावत सुटली. आधी आमची गल्ली झाली, मग पलीकडची. मास्तरणी, कारकुनांच्या बायका, पुजाऱ्याच्या घरच्या, सगळ्यांच्या कोनाड्यात करंडे आले. आपल्यातल्या संपल्या तेव्हा गोदावरीबाई साळ्यांच्या वस्तीत गेल्या. जिथं मागाची खटखट ऐकून त्या नाकाला पदर लावून पुढे जायच्या, तिथं कमलम्मा नावाच्या साळणीच्या ओसरीवर बसल्या, तिच्या घरचं पाणी प्यायल्या, तिच्या सुनांना ‘आमच्या पोरींसारख्या’ म्हणाल्या. कमलम्माचं मराठी मोडकं आणि बाईंना तेलुगू येत नव्हतं, पण पाच बोटं दाखवली की दोघींना कळे. समाजसुधारकांनी व्याख्यानं देऊन देऊन घसे सुकवले, त्यांना जे जमलं नाही ते एका ठुशीनं करून दाखवलं. भांडी घासणाऱ्या सारजाबाईलाही बाईंनी एकदा चटईवर बसवलं होतं. तिच्याकडे चांदीचे वाळे होते, ते गेले.

आषाढ लागला आणि माळ अडू लागली. प्रत्येक बाई पाच शोधत होती आणि जिला शोधावं तीही आपल्या पाच शोधत असायची. दोघी रस्त्यात भेटल्या की दोघींच्याही पिशवीत करंडा. कुणी कुंकू लावायला येताना दिसली की आतून कडी लागे. आमच्या गल्लीत कुंकवाला कडी लागलेली तोवर कुणी पाहिली नव्हती. ज्यांनी गोदावरीबाईंच्या शब्दावर सोनं दिलं त्या आता आपल्या ठुशीचं काय म्हणून विचारत होत्या. कमलम्मा रोज येऊन पायरीवर बसे. काही बोलत नसे, नुसती बसे. ठुशी मिळाल्यावर बाईंनी पुन्हा वर्गणी भरून दुसरी माळ धरली होती. अण्णारावानं सांगितलं, वहिनी, तुमची ही नवी माळ पुरी करा, चौघी झाल्यात, एक राहिलीय. अमावास्येच्या आत ती आली की वरून माल सुटतो आणि अडलेल्या सगळ्यांना मिळतं.

एक सवाष्ण. अख्ख्या सोलापुरात गोदावरीबाईंना एक सवाष्ण मिळेना.

एका दुपारी त्या आपल्या दारात उभ्या राहून समोर बघत होत्या. समोर वच्छलाकाकू मांडीवर वाती वळत होत्या. काकूंच्या आईच्या पाटल्यांची गोष्ट गल्लीला ठाऊक होती. पत्र्याच्या डबीत कापसात ठेवलेल्या दोन पाटल्या. सोवळ्या बाईनं त्या घालायच्या नव्हत्याच, पण करकंबला काकूंचा भाऊ आप्पा होता, त्याची मुलगी प्रभा होती, आणि प्रभाच्या लग्नात त्या पाटल्या तिच्या हातात घालायच्या हे तिच्या बारशालाच ठरलं होतं. आप्पानंही बोलून ठेवलं होतं की प्रभाचं लग्न झालं की अक्का तू इकडेच ये, आता हात किती दिवस चालणार तुझे. काकूंच्या म्हातारपणाची तेवढीच काय ती सोय होती.

गोदावरीबाई गल्ली ओलांडून गेल्या आणि काकूंच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

“काकू,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला बोलवायला आलेय.”

काकूंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, पण शेजारच्या दारात, पलीकडच्या दारात. त्यांच्या दाराशी ते कधी थांबलं नव्हतं. त्यांच्या हातातली वात अर्धीच राहिली. त्यांनी उठून पाट मांडला, तो आधी पदरानं पुसला, आणि गोदावरीबाई बसल्यावर त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आता त्यांना काय मागितलं असतं तरी मिळालं असतं.

बाईंनी माळेचं सांगितलं. काकू म्हणाल्या, पण ती तर सवाष्णींची ना? त्याचंही उत्तर तयार होतं. अण्णारावाला विचारून ठेवलं होतं. पाटल्या कुणाच्या? आईच्या. आई अहेवपणी गेली ना? मग सोनं सवाष्णीचंच झालं. नाव आईचं घालायचं, म्हणजे काही अडत नाही. आणि पाच बायका आणल्या की ठुशी येईल. प्रभाला पाटल्यांऐवजी ठुशी घाला की, लेक आणखी खूश होईल.

काकूंनी ठुशीचं ऐकलं की नाही देव जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आता मी तुमच्यातलीच?”

“म्हणजे काय,” गोदावरीबाई म्हणाल्या. “तुमच्यावाचून माझी पाचवी जागा रिकामी राहिलीय.”

काकूंनी डबी काढली. पाटल्यांना चिकटलेला कापूस नखानं काढून त्या स्वच्छ केल्या आणि बाईंच्या हातावर ठेवल्या.

करंडा दुसऱ्या दिवशी आला. देताना गोदावरीबाईंची नजर खाली होती. काकूंनी बाई गेल्यावर दार लावून तो उघडला. इतर सगळ्यांचे करंडे काठोकाठ भरून आले होते. हा रिकामा होता. आत बोट फिरवलं तर कडेला लाल कण लागले. आधी भरलेला असणार आणि देण्याआधी कुणीतरी ओतून घेतला असणार. तसं बघितलं तर बरोबरच होतं. सोवळ्या बाईला कुंकू कुणी कसं द्यावं? काकूंनीही स्वतःची तशीच समजूत घातली आणि करंडा कोनाड्यात ठेवला. पण त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

आता त्यांनी पाचजणी आणायच्या होत्या. त्या कुठून आणणार? त्यांच्या ओळखीच्या म्हणजे राममंदिरात पुराणाला येणाऱ्या लाल अलवणातल्या बाया, खांबाच्या मागे बसणाऱ्या. काकू दोन-तीन दिवस पुराणाला गेल्या ते त्याच विचारानं. कुणाच्या गाठीला काय आहे ते त्यांना माहीत होतं. एकीची बोरमाळ, एकीनं काशीला जायला जमवलेलं काही. पुराण सुटलं की त्या सगळ्या पायरीवर बसत, पाय दाबत, एकमेकींना सुपारी देत. कुणी कुणाला बोलवत नसे. नुसत्या येत आणि बसत. काकूंनी माळेचं सांगायला तोंड उघडलं, शेजारच्या बाईला तुझे गुडघे कसे आहेत एवढंच विचारलं, आणि घरी आल्या.

आता अण्णाराव म्हणत होता की पाचवीनंही आपल्या पाच आणल्याशिवाय वरून माल सुटत नाही, म्हणून गोदावरीबाई रोज विचारू लागल्या. मग चिडू लागल्या. घेतला वसा टाकायचा नसतो काकू, त्या म्हणाल्या. तुमच्या एकटीपायी सगळ्यांची माळ अडलीय. काकूंनी खाली मान घालून ऐकलं. अडलेली माळ आपल्यापाशी थांबलीय हे त्यांना कळत होतं, आणि ती आपण पुढे जाऊ देणार नाही हेही.

श्रावणाच्या तोंडाला अण्णाराव पसार झाला. गावात त्यानं घेतलेल्या खोलीला कुलूप, आणि अक्कलकोटच्या घरी त्याची वहिनी, म्हणजे बाईंची मावसबहीण, धाय मोकलून रडत बसलेली. तिचंही सगळं त्यातच गेलं होतं. अण्णारावाला ही माळ बेळगावकडच्या त्याच्या कुणा साडूनं दिली होती म्हणे. त्या साडूला कुणी दिली असेल? त्यालाही कुणीतरी पाटावर बसवून, गोड बोलूनच दिली असणार.

आता आमच्या गल्लीनं काय करावं? मास्तरांची पाटी आठवावी? बायका खरंच पुरल्या नाहीत, एवढी साधी गोष्ट होती. पण ती मानायची तर प्रत्येकीला मानावं लागलं असतं की आपणही पाचजणींना बुडवलं. आपल्याच बहिणीला, जावेला, कुंकवाच्या नात्यातल्या मैत्रिणीला. एवढं कुणाला पेलतं? आणि मग कुणीतरी, कुणी ते आज सांगता येणार नाही, एक वाक्य बोललं. ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं. माळेच्या कामात आमच्या बायका तरबेज झाल्याच होत्या.

काकूंना ते सारजाबाईनं सांगितलं, कापूस द्यायला आली तेव्हा. तिनं आधी कापसाची बोचकी खाली ठेवली, मग स्वतः बसली.

“काकू, तुमाला बोल लावत्यात की समद्या,” ती म्हणाली. “म्हनत्यात, सवाष्नीच्या माळंत रांडमुंड बाई घेतली आन् माळ तुटली. न्हाईतर समद्यास्नी मिळालं असतं.”

“गोदावहिनी काय म्हणाल्या?”

“त्या कायबी म्हनल्या न्हाईत. गप बसल्या.”

हे खरं होतं. ते वाक्य गोदावरीबाईंचं नव्हतं. त्या ते ऐकून गप्प बसल्या एवढंच. पण पायरीवर बसणाऱ्या कमलम्मालाही दुसऱ्या दिवशी ते कुणीतरी तेलुगूत समजावलं, तेव्हा ती गोदावरीबाईंच्या पायरीवरून उठली आणि जाताना काकूंच्या दारापुढे थुंकली. त्या दिवशी गोदावरीबाईंना कितीतरी दिवसांनी झोप लागली असेल.

वाती घ्यायला कुणी येईना. श्रावणाचा महिना, वातींचा खरा हंगाम, आणि काकूंच्या सुपात वाती तशाच पडून. गल्लीतल्या बायका बाजारातून वाती आणू लागल्या, काहींनी जुन्या धोतराच्या चिंध्या वळल्या. त्यातच आप्पा आला. प्रभाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, आणि पाटल्या सोनाराकडे उजळायला टाकाव्या म्हणून तो मुद्दाम आला होता. काकूंनी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आप्पानं रिकामी डबी उघडून पाहिली आणि मिटली. तो ओरडला नाही. अक्का, मला सांगायचं होतंस, एवढंच म्हणाला. पुढ्यातलं पाणी न पिता उठला. तू इकडेच ये, हे त्यानं या खेपेला म्हटलं नाही, आणि काकूंनी त्याची वाटही पाहिली नाही.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. गोदावरीबाईंकडे दरसालचं हळदीकुंकू. ठुशी विकून त्यांनी काहीजणींची तोंडं बंद केली होती, त्यामुळे गळा मोकळा होता, पण चौकात सतरंजी पसरली होती आणि बायका आल्या होत्या. कमी आल्या, तरी आल्या. एकमेकींच्या डोळ्याला डोळा न देता चणे खात होत्या. देवापुढे समईत चिंधीची वात तडतडत होती.

तेवढ्यात वच्छलाकाकू गल्ली ओलांडून आल्या. पुढच्या दारानं. लाल अलवण दारात दिसलं तशी हातातली कामं थांबली. एकीनं पटकन कुंकवाचं तबक मागे ओढलं. काकू उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांनी वाकून करंडा उंबऱ्यावर ठेवला. कडांवरची चांदी एवढ्यातच उडाली होती, खालचं तांबं दिसत होतं.

“गोदावहिनी, हा तुमचा परत घ्या,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण चौकात इतकी शांतता होती की शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं. “पाटल्या मागायला नाही आले मी. सगळ्यांचंच गेलं, त्यात माझंही गेलं. पण माझ्यामुळे माळ तुटली म्हणताय, म्हणून विचारायला आले. नाव घातलंत ते माझ्या आईचं. करंडा दिलात तो रिकामा करून. मग तुमच्या माळेत मी आले कधी?”

एकीनं सतरंजीवर सांडलेले चणे वेचायला घेतले. मास्तर आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं असेल, पण ते बाहेर आले नाहीत. गोदावरीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या असं पुढे काहीजणी म्हणाल्या. मला त्या रडण्याचं काही वाटत नाही. तोंड उघडून एक शब्द बोलायची वेळ होती, तेव्हा त्यांनी पदर लावला.

समईतली चिंधीची वात धुरकटली आणि वाकडी होऊन विझायला आली. आयुष्यभराच्या सवयीनं काकूंचा हात ती सारखी करायला पुढे झाला. उंबऱ्यावरून तो तिथवर पोचणार नव्हताच. त्यांनी तो मागे घेतला, अलवणात गुंडाळला, आणि त्या आपल्या दाराकडे गेल्या.